सोमवारचा उपास

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ओकलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कुणी मोठा प्राणीप्रेमी होतो असा गैरसमज नको. आमचं घर सोलापूरजवळच्या वळसंगचं. पिढ्यान्‌पिढ्या शिवाला मानणारी माणसं, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात कन्नड, उंबरा ओलांडला की मराठी. अंडं फोडतात कसं हेसुद्धा मी लग्नाच्या वयाचा होईपर्यंत पाहिलेलं नव्हतं. आणि काम मिळालं ते कुठलं, तर सोलापूरच्या बाहेर माळावर वन्यप्राण्यांचं एक निवारा केंद्र होतं, तिथं सिंहांना मटण घालायचं.

अर्ज मी कारकुनाच्या जागेसाठी केला होता. ती भरून गेली होती. साहेब म्हणाले, जनावरांच्या राखणीची जागा आहे, पक्की आहे, बघा जमतंय का. पक्की म्हटल्यावर मी पुढचं ऐकलंच नाही. पक्क्या नोकरीला नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय.

मटण आणून द्यायचं काम शहरातल्या एका चाचांकडं होतं. धिप्पाड माणूस, पांढरी दाढी, तीनचाकी टेम्पोत म्हशीच्या मटणाचे क्रेट घेऊन दुपारी तीनच्या ठोक्याला हजर. त्यांनी पहिलं घमेलं माझ्या हातात दिलं. ते गरम होतं. मटण गरम असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी भिंतीमागं पळालो. मागून चाचा आले, कोपरानं माझ्या पाठीवर दाबलं, कारण हात भरलेले होते, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. हसले नाहीत. बाकी सगळे हसले, ते मी अजून विसरलेलो नाही.

घरी निराळाच तमाशा. आईनं परड्यात एक दगड टाकला, बादली ठेवली, आणि सांगितलं की कामावरून आलास की आधी इथं, मग घरात. कामाचे कपडे गोठ्याच्या खुंटीवर. देवाच्या खोलीत मी पाय ठेवायचा नाही. पुढं सोलापुरात बिऱ्हाड केलं, बायको-मुलीला गावाहून आणलं, बायकोनंही तीच रीत चालू ठेवली, फक्त दगडाच्या जागी मोरी आली. मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू, मलाही माझ्या हाताचा वास सहन होत नव्हता. जेवताना मी चमच्यानं भात खायचो, आणि आमच्यात चमच्यानं भात फक्त आजारी माणूस खातो.

आता सिंहांचं सांगतो. पाच होते, दोन नर, तीन माद्या. सर्कशीत जनावरं नाचवायला बंदी आली तेव्हा तिथून सोडवून आणलेले. आणि हे सिंह संकरित होते. गीरच्या सिंहाचं रक्त आणि आफ्रिकेतल्या सिंहाचं रक्त एकत्र झालेलं. सर्कसवाल्यांनी कोण कुठला ते बघितलंच नव्हतं, जी मादी हाताशी होती तिच्याजवळ जो नर होता तो सोडला, झालं. गावाकडं मी सांगायचो की हायब्रीड सिंह आहेत, तर पारावरचे म्हातारे विचारायचे, म्हंजी भाकरी काळी पडती का वो त्याची? आमच्या भागात हायब्रीड म्हणजे ज्वारी. आमच्या जुन्या देशी मालदांडी ज्वारीपुढं तिला कुणी विचारत नाही.

मी हसून सोडून द्यायचो. पण खरं सांगायचं तर गोष्ट तीच होती. हायब्रीडचं बी पुढच्या सालाला कुणी राखून ठेवत नाही, तसंच यांचंही. वरून हुकूम होता की या सिंहांचा वंश वाढू द्यायचा नाही. अस्सल सिंहांच्या रक्तात भेसळ नको. नरांची ऑपरेशनं केली, वर नर एका बाजूला, माद्या दुसऱ्या बाजूला, मधे दहा फुटी भिंत. लोकांना दाखवायचे नाहीत, दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात द्यायचे नाहीत, जंगलात सोडायचा तर प्रश्नच नाही. जगतील तेवढं जगू द्यायचं आणि शेवटचा गेला की पिंजरे धुऊन टाकायचे. माणसानं खेळ मांडायचा, माणसानंच मोडायचा, आणि जन्मठेप जनावरानं भोगायची. हे मी साहेबांना एकदा तोंडावर म्हणालो होतो. ते म्हणाले, तुमचं काम घमेल्याचं आहे. ते काही खोटं नव्हतं.

त्यातल्या सगळ्यात लहान मादीला आम्ही पुढं म्हातारी म्हणायला लागलो, कारण शेवटी तीच उरली. आली तेव्हा जेमतेम तीन वर्षांची असेल. डावा कान अर्धा फाटलेला. रस्त्यानं वरात गेली, बँड वाजला, की ती जिथं असेल तिथून उठायची, सिमेंटच्या कट्ट्यावर चढायची आणि मागच्या पायांवर बसून पुढचे दोन्ही पाय वर धरायची. बँड लांब जाईपर्यंत तशीच. कुणी सांगितलेलं नाही, कुणी बघत नाही. लग्नसराईत दिवसातून चार-चारदा. मी ओरडायचो, अगं उतर की खाली, संपलं ते सगळं. तिला कुठलं कळायला.

मी तिच्याशी कन्नडमधे बोलायचो. बाकीच्यांना शीळ घातली की ते संध्याकाळी आतल्या पिंजऱ्यात यायचे, ही यायची नाही. एकदा वैतागून मी आई धाकट्या बहिणीला हाक मारायची तशी हाक मारली, बारव्वा, म्हणजे ये गं बाई. आली. तेव्हापासून तीच हाक. जाळीला गाल घासायची आणि घशातून बारीक हुंकार द्यायची. हात लावायचा नाही असा नियम होता, मी कधी लावला नाही. पण त्या हुंकारासाठी मी रजा घ्यायचो नाही, हे माझ्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. ती म्हणायची, आमच्या हाकेला तरी कुटं एवढ्या घाईनं येताय.

आणि आता त्या सोमवारचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मटण खाणाऱ्या जनावरांना आठवड्यातला एक दिवस उपाशी ठेवतात. सगळीकडचीच पद्धत आहे. जंगलात काही रोज शिकार मिळत नाही, पोटाला विसावा पाहिजे. मी लागलो तेव्हा आमच्याकडं हा उपास शुक्रवारी असायचा, चाचांना नमाजाला जाता यावं म्हणून. त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं. पण माझा सोमवारचा उपास. सकाळी पूजा करायची, विभूती लावायची आणि दुपारी घमेली उचलायची. पहिली दोन वर्षं मी तोंड दाबून काढली. तिसऱ्या श्रावणात माझं डोकं फिरलं. साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सिंहाला वार कळतो का साहेब? त्याला सोमवार काय आणि शुक्रवार काय, सारखंच. मला कळतो."

साहेब म्हणाले, चाचांची हरकत नसली तर बदला. मला वाटलं होतं आता भांडण होणार. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. चाचा टेम्पोला टेकून विडी ओढत होते. म्हणाले, "मेरेकू क्या जी. तुमकू सोमवार होना, तो सोमवार."

एवढंच. त्या दिवसापासून ते शुक्रवारी नमाजाच्या आधी, सकाळी दहालाच घाईघाईनं माल टाकून जायचे. किती वर्षं! मी त्यांना एकदाही बरं झालं म्हणालो नाही. उलट गावात सांगत सुटलो की सिंहांना सोमवार धरायला लावला मी. लोक हसायचे, कुणी हात जोडायचे. आईनं तर देवापुढं नारळ फोडला. मला वाटायचं आपण केवढा मोठा धर्म केला.

मग मी त्यावरही कळस चढवला. रविवारी संध्याकाळी जनावरं जेवली की मी मटणाची खोली धुवायला घ्यायचो. ओटा, सुरे, ट्रे, फ्रीज, सगळं. उरलंसुरलं मागच्या खड्ड्यात, वरून चुना. लाल औषधाचं पाणी मारायचं, मग फिनेल. सोमवारी त्या आवारात मटणाचा तुकडा सोडा, वाससुद्धा नको. तपासणीला येणारे अधिकारी म्हणायचे, एवढी स्वच्छता कुठं पाहिली नाही. मी फुगून बसायचो. सोमवारी मी फक्त पाणी भरायला जायचो, तेही न्हाऊन, धुतलेल्या कपड्यांत, आणि तिथून थेट शहरातल्या तळ्यातल्या शंकराच्या देवळात.

वर्षं गेली. आधी थोरला नर गेला, मग दोन माद्या पाठोपाठच्या उन्हाळ्यात. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको, पोती भिजवून जाळीला बांधली, कूलर लावले, तरी गेल्या. भिंतीच्या पलीकडं एक नर आणि अलीकडं म्हातारी, एवढीच दोघं राहिली. बारा-पंधरा वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण दिवस कलला की तो पलीकडून गर्जना सुरू करायचा आणि ही इकडून. दोघांची मिळून एकच लांबलचक गर्जना व्हायची. वस्तीतली माणसं तेवढ्यावर घड्याळ लावायची, बायका म्हणायच्या, सिंह ओरडला, आता दिवाबत्ती करा.

आषाढ संपता संपता तो नर गेला. वय झालं होतं, झोपेतच गेला. त्या संध्याकाळी म्हातारीनं नेहमीसारखी सुरुवात केली. मधेच थांबली. कान टवकारून ऐकत राहिली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. मी भिंतीशी उभा होतो, मला वाटलं आपणच पलीकडं जाऊन ओरडावं. लाज कसली त्यात. पण सिंहासारखं ओरडायला येत नाही ना माणसाला. काही संध्याकाळी तिनं असं केलं. मग ती गप्प झाली, दिवसेंदिवस कमी खायला लागली, आणि श्रावण निम्मा झाल्यावर एका मंगळवारी तिनं जेवण सोडलं.

आमच्याकडं जनावरांची डॉक्टर एक बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची, पण हुशार आणि कामाला वाघ. तिनं तपासलं, रक्त काढलं. बाहेर येऊन माझ्याजवळ पायरीवर बसली. म्हणाली, मूत्रपिंड अर्धं गेलंय, पण एवढ्यात जायची नाही ती. दाबाच्या पिंजऱ्यात, म्हणजे जाळी सरकवून जनावराला दाबून धरतात त्यात, घेऊन रोज सुई मारली तर त्या धसक्यानंच मरेल. औषध मटणातूनच द्यायला पाहिजे.

"मामा, एकदा तिनं तोंडानं खाल्लं पाहिजे. एकदा. गोळ्या पोटात गेल्या की अजून एक-दोन हिवाळे काढेल."

मला एवढं पुरलं. त्या आठवड्यात मी काय काय केलं ते आई बघायला असती तर तिनं मला घरातच घेतलं नसतं. चाचा रोज सकाळी ताजं काळीज आणून द्यायचे, वाफ निघत असायची. मी ते माझ्या हातानं बारीक चिरायचो, त्यात गोळ्या दडवायचो. मंगळवारी रक्तात बुडवून ठेवलं. बुधवारी पिसांसकट कोंबडी. गुरुवारी खिमा, हातानं मळलेला, भाकरीचं पीठ मळतात तसा. कोण म्हणेल हाच तो भिंतीमागं ओकणारा माणूस! मी मोरीत हात धुवायचंही विसरायला लागलो. बायको नाकाला पदर लावायची, पण विचारायची रोज, खाल्लं का वो तिनं? मी नाही म्हणून मान हलवायचो.

ती यायची, बारव्वा म्हटलं की. वास घ्यायची. माझ्याकडं बघायची आणि जाऊन पाठ करून पडायची. दिलेलं नाकारताना पाहुणा कसा ओशाळतो, तशी. मला तिचा राग यायचा. खोटं नाही, मी तिला शिव्यासुद्धा घातल्या, कन्नडमधल्या, सगळ्या ठेवणीतल्या. आणि घरी जाताना गाडीवर डोळे पुसत जायचो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, काय म्हणावं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंना तीन-चार दिवस पुण्याला बैठकीला जायचं होतं. जाताना मला बजावून गेल्या, सोमवारीही हिच्यापुढं काहीतरी ठेवा, हिचा उपास आता बंद. मी व्हय म्हणालो. तोंडानं म्हणालो. मनात सोमवार होता, आणि तोही श्रावणातला शेवटचा.

घरी अभिषेक ठरला होता. वळसंगहून भावकी येणार होती, मुलगी-जावई येणार होते. आणि बाई म्हणाल्या काहीतरी ठेवा, म्हणजे मी सकाळी न्हाऊन विभूती लावून काळीज चिरायचं, तेच हात घेऊन देवळात जायचं, पिंडीवर दूध घालायचं. एवढ्या वर्षांत एका सोमवारी मी मटणाला शिवलो नव्हतो. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं की. पण सोमवारी मीच सगळ्यांना सुट्टी द्यायला लावली होती, फाटकावरचा पहारेकरी तेवढा असायचा, त्याला आतल्या दारांची माहिती नव्हती. आणि खरं सांगू, म्हातारीला दुसऱ्या कुणाच्या हातून घालावं हे मला नकोच होतं.

रविवारी संध्याकाळी तिनं काळजाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. सहावा दिवस. तिला बघायला पुन्हा आलेल्या चाचांनी निघताना आपण होऊन विचारलं, उद्या येऊ का, एका फेरीचं काय एवढं. मी म्हणालो, नको, उद्या सोमवार आहे. ते टेम्पोत बसून निघून गेले. फ्रीजमधे अर्धा किलो काळीज उरलं होतं. मी ते हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. म्हटलं, सहा दिवस तोंड लावलं नाही, उद्याच बरी लावेल? हे इथं राहिलं तर उद्या मला शिवावं लागणार. असं म्हणत मी मागं गेलो, ते खड्ड्यात टाकलं आणि वर चुना ओतला. मग खोली धुतली. त्या दिवशी जरा जास्तच घासून धुतली.

घरी बायको पुरण वाटत होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिचा हात थांबला. मला सोवळं शिकवणारी ती, मोरीत अंघोळ घालणारी ती, ती म्हणाली, "उद्या न्या की कायतरी तिला. मुक्या जनावराला कसला आलाय सोमवार? देवाला मी सांगते, तुमी जावा."

मी तिच्या अंगावर ओरडलो. म्हटलं, मला धर्म शिकवू नको, एवढी वर्षं कुणी पाळला. तिनं पुन्हा पुरण वाटायला घेतलं. पाहुणे यायचे होते, घरात भांडण कशाला, म्हणून सोडून दिलं असावं.

सोमवारी सकाळी मी पाणी भरायला गेलो. म्हातारी आतल्या पिंजऱ्यात कोपऱ्यात पाठ करून पडली होती. मी हाक मारली, कान हलला, बस. हौद भरला आणि निघालो. देवळात ही गर्दी. अभिषेक झाला, आरती झाली, घरी आलो, पंगत उठली. मला उपासाचे वरीचे तांदूळ होते. जावई सिंहाचं विचारत होते, मी रंगवून सांगत होतो, सर्कस काय, वरात काय. चार वाजले तसा मी धोतरावरच गाडी काढली, म्हटलं पाणी बघून येतो.

दारातून आत गेलो आणि जागीच थांबलो. ती उभी होती. आठवड्यात पहिल्यांदा हाकेशिवाय, आपण होऊन उठलेली, जिथून ट्रे आत सरकवतो त्या फटीशी. मागचे पाय लटपटत होते. रिकामा ट्रे तिनं पंजानं आत ओढला होता आणि चाटला होता. फिनेलनं धुतलेला ट्रे. त्यावर, जाळीवर, खाली फरशीवर लाळ सांडून वाळली होती, आणि वाळलेल्यावर पुन्हा ओली. म्हणजे ती आत्ता उठलेली नव्हती. मला पाहिल्यावर तिनं हुंकार दिला. बारव्वा न म्हणता.

मी फ्रीजकडं धावलो. आपणच धुतलेला फ्रीज उघडून आत बघतोय मी. पांढराशुभ्र. चाचांना फोन लावला, लागेना. सोमवारी ते माढ्याला, लेकीकडं जायचे, इतक्या वर्षांची सवय, ती सवय त्यांना मीच लावलेली. मी गाडीला किक मारली. रस्त्यावरचं चिकनचं दुकान बंद. पुढचं बंद, शेवटचा श्रावण सोमवार, गिऱ्हाईक कुठलं येणार. नवी पेठेत सणाच्या खरेदीची ही झुंबड, रिक्षा, माणसं, गाडी पुढं सरकेना. मी हॉर्न वाजवत होतो, लोक माझ्या कपाळाकडं बघून बाजूला होत होते, वाटलं असेल देवाचं काही काम असणार. पलीकडच्या गल्लीत शेवटी एक दुकान उघडं मिळालं. दुकानदारानं धोतर बघितलं, विभूती बघितली, आणि हसून विचारलं, "अण्णा, आज? पावणं कोण आलेत?"

मी म्हणालो, काळीज टाक, सगळं टाक, आणि लवकर.

परत आलो तेव्हा दीड तास गेला होता. फटीशी कुणी नव्हतं. ती कोपऱ्यात जाऊन पडली होती, या वेळी कुशीवर, पाय लांब करून. मी हाक मारली. मागच्या बाजूनं जाऊन जाळीला चिकटून बसलो, काठीच्या टोकाला काळीज लावून तिच्या नाकाशी धरलं. नाकाला रक्त लागलं. ते तिनं चाटलंसुद्धा नाही. धोतर रक्तानं भरलं, जानव्यासारखं गळ्यात असलेलं लिंगसुद्धा. मी म्हणत होतो, आणलंय की गं, आता आणलंय, आता खा. माझा सोमवार मोडला होता, आणि मोडून कुणाच्याच उपयोगाला आला नव्हता. मोडायचाच होता तर सकाळी मोडायला काय झालं होतं? अंधारून आलं तसा पहारेकरी मला बोलवायला आला.

मंगळवारी ती उठली नाही. चाचा सकाळीच आले, ताजा माल घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं, त्यांना एकट्यालाच. त्यांनी क्रेट खाली ठेवला आणि तिथंच त्यावर बसले. बुधवारी सकाळी, बाई पुण्याहून आल्यानंतर तासाभरात, म्हातारी गेली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा हात लावला, त्या फाटक्या कानाला.

सिंह मेला की पंचनामा होतो. साहेब आले, नखं मोजली, अठरा भरली, कुणी चोरायला नको म्हणून. फोटो काढले. शेवटची होती म्हणून फोटो जरा जास्त काढले. बाई अहवाल लिहायला बसल्या. डोळे लाल झाले होते पोरीचे. लिहिता लिहिता वर बघून म्हणाल्या, "मामा, सोमवारी ठेवलं होतंत ना काही पुढं? तोंड लावलं का तिनं?"

"ठेवलं होतं," मी म्हणालो. "न्हाय लावलं."

त्यांनी तसं लिहिलं. प्राण्याने सलग आठ दिवस अन्नाची कोणतीही इच्छा दर्शवली नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाही, तिलाच जगायचं नव्हतं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

तिला जगायचं होतं. ती उठून उभी राहिली होती आणि रिकामा ट्रे चाटत होती, किती वेळ ते देवाला माहीत. ती मागत होती, आणि मी देवळात होतो.